अंगठ्याखालचा खटका

दुकानदारानं काचेच्या काउंटरवर हिरवं फडकं अंथरलं आणि त्यावर दोन हत्यारं शेजारी शेजारी ठेवली. डावीकडं रिव्हॉल्व्हर, उजवीकडं पिस्तूल. रिव्हॉल्व्हरला सेफ्टीचा खटका नसतो. चाप ओढला की गोळी सुटते. पिस्तुलाला मात्र अंगठ्याजवळ एक छोटी पट्टी होती. ती वर सरकवली की चाप अडतो, खाली ढकलली की मोकळा होतो. माझ्या हातात लिहून आणलेल्या प्रश्नांचा कागद होता आणि शेजारी माझा दादा उभा होता.

दादा माझ्याहून बराच मोठा. पोलिसात नोकरी करून निवृत्त झालेला, आता मुकुंदवाडीत स्वतःच्या घरात राहतो. मला सायकल त्यानं शिकवली, गाडी त्यानं शिकवली. त्यामुळं हत्याराच्या दुकानात त्याला सोबत नेणं हे माझ्या लेखी ठरलेलंच होतं.

सासरे गेल्यापासून लासूर स्टेशनची आडत मी बघते. बाजाराच्या दिवशी संध्याकाळी रोकड घेऊन गारखेड्याला घरी यायचं असतं. एकदा दोन मोटारसायकली माझ्या गाडीच्या मागंपुढं लागल्या आणि वस्तीचे दिवे दिसेपर्यंत सुटल्या नाहीत. त्यानंतर मी परवान्यासाठी अर्ज केला, प्रशिक्षण घेतलं, कार्यालयातले हेलपाटे घातले. परवान्यावर सोबतीला दादाचं नाव लावलं, म्हणजे गरज पडली तर तोही ते हत्यार बाळगू शकेल. लोखंडी कपाटाची दुसरी किल्लीही त्याच्याकडं ठेवली. हे सगळं मीच ठरवलं होतं, कुणी गळ घातली नव्हती.

"रिव्हॉल्व्हर घे," दादा म्हणाला. "वेळंला अंगठा चालत नाय बाई. हात तेवढा चालतो, तोबी नशिबानं."

"आणि पर्समध्ये असताना चापात काही अडकलं तर?"

"पर्समधी काय भाजीपाला ठिवतीस का?"

"चार्जर, चाव्या, कंगवा, गोळ्यांची पाकिटं. आणि घरातल्या सगळ्यांचे हात."

दुकानदार हसला. "साहेब, बाईंची पर्स म्हणजे किराणा दुकान."

पण मी गमतीनं बोलत नव्हते. माझ्या पर्समध्ये खरोखरच सगळ्यांचे हात जातात. नवरा सुट्टे पैसे काढतो, सासूबाई चष्मा ठेवायला देतात आणि तोच शोधत बसतात, मुलगी कॉलेजला सुट्टी असली की माझ्यासोबत आडतीवर येते आणि येताजाता माझाच चार्जर वापरते. पिस्तुलाला वेगळा कप्पा केला तरी पर्स एकच. मुलीचा हात आत असताना आतलं हत्यार बंद असलं पाहिजे, एवढी एक गोष्ट मला हवी होती. बाकी वजन, किंमत, दिसणं याबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं.

दादानं तेव्हा एक गोष्ट सांगितली, जी त्यानं घरात कधी सांगितली नव्हती. नाकाबंदीच्या वेळी त्याच्यासोबतचा शिपाई पिस्तूल काढून उभा राहिला, समोरून कोयता आला, आणि याचा खटका वरच. अंगठ्यानं ढकलतोय, ढकलतोय, घामानं सरकतोय. त्याचा हात मनगटापासून लोंबत होता आणि तो दादानं आपल्या दोन्ही हातांनी धरून ठेवला होता, दवाखान्यापर्यंत.

मी ऐकून घेतलं. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पण तो शिपाई ड्यूटीवर होता, कमरेला पट्टा लावून. मी बाजारातून घरी येणारी बाई होते, मांडीशेजारी पर्स घेऊन. माझ्या आयुष्यात कोयत्याचा क्षण कदाचित एकदा येईल, कदाचित येणारही नाही. चार्जरचा क्षण रोज येतो. मी पिस्तुलावर बोट ठेवलं.

"बरं," दादा म्हणाला. "हट्ट तुझा. पण मंग सवय कर. झोपंतबी अंगठा खाली गेला पायजे."

सवय त्यानंच लावून दिली. रोज सकाळी चहा ठेवण्याआधी मी रिकामं पिस्तूल घेऊन गव्हाच्या कोठीसमोर उभी राहायची. हात वर, अंगठा खाली, चाप. पुन्हा. पुन्हा. नवरा दात घासत मागून म्हणायचा, "आज तरी शरण आली का कोठी?" सासूबाई म्हणायच्या, "गव्हाला पोरकिडं लागलं तर हीच मारीन आता." काही महिन्यांत अंगठा आपोआप खाली जायला लागला.

मग दादानं पुढची गोष्ट काढली. तोपर्यंत मी गोळ्या मुठीतल्या मॅगझिनमध्ये ठेवत होते आणि नळीमागचं चेंबर रिकामं, म्हणजे नुसता चाप ओढून गोळी सुटायची नाही.

"गोळी चेंबरमधी ठिव. खटका कशाला घेतलास मंग? आत गोळी नाय आन वर खटका, म्हंजे दाराला दोन कड्या लावून चोराला थांब म्हणायचं."

मला ते पटलं. खटका आहे, तो मी रोज वापरते, तो वर असताना चाप हलत नाही हे मी स्वतः तपासलेलं आहे. तेव्हापासून बाजाराच्या दिवशी रस्त्यावर असताना गोळी आत आणि खटका वर, घरी आलं की आधी कपाट आणि मग पाय धुणं. नियम कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेले होते. मी त्यातला एकही कधी मोडला नाही.

निवडणुका लागल्या की परवान्याची हत्यारं पोलिस ठाण्यात जमा करावी लागतात. तशी ती केली. निकालानंतर परत आणायला दादा गेला. येताना फोनवर म्हणाला, "ठाण्यातल्या कपाटात धूळ खाल्ली आसंल. आठ दिवस माझ्याकडं राहू दे, सर्व्हिसिंग करून आणतो." आणलं तेव्हा खूश होता. "बघ, लोण्यासारखं चाललंय."

खरंच चालत होतं. पूर्वी खटका जरा ताठ होता, आता बोट लावताच सरकत होता, आणि टक असा बारीक आवाजही येत होता. मी सकाळच्या सरावात ते बघितलं आणि दादाला फोन करून सांगितलंही, की छान झालंय.

पुढची खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडं काय काय पुजायचं ते मी आधीच लिहून फ्रिजवर लावते, नाहीतर दरवेळी काहीतरी राहतं. आडतीवरचा काटा, गाड्या, विळी, सुऱ्या, सासूबाईंचं शिवणयंत्र, मुलीचा लॅपटॉप, आणि सगळ्यात शेवटी पिस्तूल. सासूबाईंनी कागद वाचला आणि म्हणाल्या, "मलाबी घाल यात. मीबी जुनंच हत्यार हाय."

"तुम्हाला पुसून ठेवावं लागेल आधी," मुलगी म्हणाली.

मी पिस्तूल घेऊन गव्हाच्या कोठीपाशी गेले. मॅगझिन काढलं, चेंबर उघडून बघितलं, बोट घालून बघितलं. रिकामं. सणाला साफ करताना मी एक उलटी तपासणी करते, जी रोजच्या सरावात होत नाही. सरावात अंगठा नेहमी खाली जातो आणि चाप सुटतो. उलटी तपासणी म्हणजे खटका वर ठेवून चाप ओढायचा. मागचा घोडा, गोळीवर आपटणारा, पडता कामा नये.

घोडा पडला.

मला वाटलं खटका अर्धवट राहिला असेल. पुन्हा वर केला, टक आवाज ऐकला, कोठीकडं रोखून चाप ओढला. घोडा पडला. तिसऱ्यांदाही पडला. पिस्तूल मी काहीतरी नाजूक धरल्यासारखं स्वयंपाकघरापर्यंत आणलं आणि कापडावर ठेवलं.

मला पहिलं आठवलं ते मागच्या वर्षीचं कुंकू. सासूबाईंनी हळदीकुंकू पाण्यात कालवून पिस्तुलावर चांगला जाडजूड टिळा लावला होता, नेमका त्या पट्टीजवळ.

"मी तेव्हाच म्हटलं होतं, बोट टेकवा, लिंपू नका," मी म्हणाले. माझा आवाज चढलेला होता.

"देवाचं कुंकू काय लोखंड खातं व्हय?" सासूबाई म्हणाल्या.

मी कान साफ करायची कापसाची काडी फटीत फिरवली. तिच्या टोकाला लालसर काळं काहीतरी आलं. मी ती काडी त्यांच्यासमोर धरली. त्या वर्षी पिस्तुलाला लांबूनच अक्षता पडल्या, आणि एक झेंडूचं फूल शेजारी ठेवलं. सासूबाईंकडून शिवणयंत्राला टिळा लावायचा राहूनच गेला.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याला दादा आपट्याची पानं घेऊन आला. जेवायला बसल्यावर मी त्याला सांगितलं, खटका बिघडलाय, कुंकू गेलंय बहुतेक, दुकानात दाखवून आणते.

त्याचा घास थांबला. "दुकानात कशाला? दे इकडं, मी बघतो."

"तू आधी जेव."

"कुंकूच आसंल," तो म्हणाला. पाण्याचा पेला उचलला, खाली ठेवला. "म्हाताऱ्या माणसांचा हात जड आसतो."

सासूबाई वाढत होत्या. त्यांनी ऐकलं. त्याच्या पानात पुरणपोळी टाकून त्या आत गेल्या.

त्या आठवड्याच्या बाजाराला मी बिनगोळीचं पिस्तूल कपाटात ठेवूनच आडतीवर ये-जा केली. मग ते डब्यात घालून दुकानात घेऊन गेले. दादाला बोलावलं नाही. एवढ्याशा कामासाठी त्याला कशाला खेटा, असा विचार केला. दुकानाच्या मागच्या खोलीत दुरुस्तीचा कारागीर बसतो. आधी एकदा त्यानंच माझ्याकडून पिस्तूल उघडून साफ करून घेतलं होतं. मी त्याला कुंकवाची हकिगत सांगितली. त्यानं पिस्तुलाची मूठ उघडली आणि आत दिवा टाकून बघितलं.

"मॅडम, इसमें कुंकू का क्या कसूर?" तो म्हणाला. "अंदर से घिसा है इसको किसने तो भी. रेती से, कानस बोलते ना तुम लोग. जो पुर्जा ट्रिगर को रोकता ना, उसका मुँहच नहीं रहा. ऊपर की पट्टी हिलती, आवाज बी आती. काम कुछ नहीं."

"आपोआप झिजेल का असं?"

"ऐसा? नहीं." त्यानं तो तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. एक कड चकचकीत होती, बाकी सगळा काळा. "ये हमारे यहाँ का काम नहीं, मॅडम. और किसके हात में था?"

"माझ्या भावाच्या," मी म्हणाले.

नवा भाग मागवावा लागेल, असं सांगून तो पोऱ्याला चहा सांगायला लागला. मी नको म्हटलं.

तिथून मुकुंदवाडी लांब नाही, पण मी गाडी रस्त्याच्या कडेला लावून थोडा वेळ बसले. सवयीनं कागद काढला आणि लिहायला लागले, सर्व्हिसिंग झाल्यापासून त्या पर्समध्ये कुणाकुणाचे हात गेले. मुलगी, आडतीवरून येताना, चार्जर. तिनं वायर ओढली होती ती कशाला तरी अडकली होती, आणि ती म्हणाली होती, "आई, तुझ्या पर्समध्ये काय जाळं आहे का?" मग रेल्वे फाटकापाशी मी ब्रेक दाबला तेव्हा पर्स सीटवरून खाली पडलेली. मग नवऱ्यानं एकदा ती गाडीतून घेताना उलटी धरलेली. पुढं मला लिहिता येईना. मी एवढी नेटकी बाई, आणि मला हे मोजता येत नव्हतं. त्या प्रत्येक वेळी आत गोळी होती. ती आत ठेवायला सांगणारा दादा होता, खटका आहे म्हणून.

दादा अंगणात नळी घेऊन झाडांना पाणी घालत होता. वहिनी दारातून म्हणाल्या, "या वन्सं, अशा अवचित?" मी म्हटलं, चहा टाका, पण माझा टाकू नका. त्या माझ्याकडं बघून आत गेल्या.

"पिस्तूल दाखवून आले."

"मंग?"

"आतला भाग कुणीतरी कानशीनं घासलाय."

त्यानं नळ बंद केला. नळीतलं उरलेलं पाणी गळून जाऊ दिलं. मग ओट्यावर बसला.

"मीच करून घेतलं. वळखीचा एक जण हाय."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं आसतं तर तू गोळी काढून ठिवली आसतीस."

"अर्थात काढली असती!"

"मंग त्या हत्याराचा काय उपयोग? तू घाबरशील बाई. लई घाबरशील. कोठीसमोर अंगठा चालतो, मानसासमोर चालत नाय. मी बघितलंय. तो हात मी धरला व्हता, तू नाय."

"ते तू मला दुकानात सांगितलंस. मी ऐकलं आणि तरी ठरवलं."

"ठरवलंस, पण चुकीचं ठरवलंस." तो समजावणीच्या सुरात बोलत होता, सायकलवर मागून धरायचा तेव्हा बोलायचा तसा. "म्हणून पट्टी तशीच ठिवली ना. तुझ्या जिवाला बरं वाटावं. तू निर्धास्त, आन वेळ आली तर हत्यारबी तयार."

त्याला ही व्यवस्था चांगली वाटत होती, हे माझ्या लक्षात आलं. त्यानं त्यावर विचार केलेला होता. मी निर्धास्त राहावी यासाठी तो टक आवाजसुद्धा त्यानं जपलेला होता.

सायकल शिकवताना तो म्हणायचा, धरलंय, धरलंय, आणि सोडून द्यायचा. तेव्हा मी पडले तर माझाच गुडघा फुटायचा.

"माझ्या मुलीनं त्या पर्समधून चार्जर काढलाय, दादा."

हे त्याच्या विचारात आलं नव्हतं, हे तोंडावरून दिसत होतं.

"कितींदा?"

"मला माहीत नाही. तेच तर. मी बघतच नव्हते. मला वाटत होतं, बघायची गरज नाही."

आतून कपबश्यांचा आवाज आला आणि थांबला. दादानं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, तळवे वर करून.

"आणि कुंकू?" मी विचारलं. "म्हाताऱ्या माणसाचा हात जड असतो?"

"तवा सुचलं ते बोललो."

मी निघाले.

घरी आल्यावर आधी सासूबाईंकडं गेले आणि सांगितलं की कुंकवानं काही झालेलं नव्हतं, मी उगाच बोलले. त्यांनी सगळं विचारून घेतलं, कुणी केलं, का केलं. मग एवढंच म्हणाल्या, "म्हंजे त्याला ठावं व्हतं, आन तरी त्यानं माझ्या हातची पोळी खात माझ्यावर घातलं." नवरा रागानं मुकुंदवाडीला जायला निघाला होता, त्याला मी बसवलं. मुलीला सांगताना मात्र मला शब्द लावता येईनात. ती म्हणाली, "म्हणजे त्या दिवशी ती वायर...?" मी म्हटलं, "कशाला अडकली होती ते मला माहीत नाही." तिनं दुसऱ्या दिवशी स्वतःचा चार्जर घेतला.

दिवाळीआधी मी कार्यालयात जाऊन परवान्यावरून दादाचं नाव कमी करण्याचा अर्ज दिला. नवा भाग आला, बसवला. आता सकाळी दोन्ही तपासण्या करते, खटका वर ठेवून आणि खाली करून, आणि बाजाराच्या दिवशीसुद्धा चेंबर रिकामं असतं. आडतीवरच्या एका शेतकरी बाईंनी परवा विचारलं, त्यांच्या मुलाला घ्यायचंय, खटक्याचं घ्यावं की बिनखटक्याचं. मी म्हटलं, पर्समध्ये किंवा घरात ठेवायचं असेल तर खटक्याचं घ्या, आणि ते दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नका. त्या हसल्या. त्यांना वाटलं, दुसरा भाग मी गमतीनं बोलले.

भाऊबीजेला दादा येईल की नाही, असा मला प्रश्न होता. आला. साडी आणली होती, दरवर्षीसारखी वहिनींनी निवडलेली. पाटावर बसला. मी कुंकू लावताना बोट टेकवलं, लिंपलं नाही. सासूबाई दाराच्या चौकटीत उभ्या राहून बघत होत्या. ओवाळून झाल्यावर त्यानं साडी पुढं केली.

"साडी नको," मी म्हणाले. "कपाटाची किल्ली दे."

त्यानं खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. कडं घट्ट होतं, नखानं उघडायला त्याला वेळ लागला. आम्ही सगळे बघत थांबलो. किल्ली तबकात पडली तेव्हा निरांजन हललं.

"आन परवान्यावरचं नाव?"

"अर्ज दिलाय."

"दिलास?"

"दिवाळीआधीच."

त्यानं मान हलवली. जेवला, थोडंच. चपला घालताना विचारलं, "खटका बसवलास?"

"बसवला."

"आन गोळी?"

"बाहेर."

"वेळंला..." तो म्हणाला. गाडी सुरू करून गेला. साडी सोफ्यावर राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती किल्ली लावून बघितली. कपाट उघडलं, बंद झालं. किल्ली खरी होती. अशी आणखी एखादी करून घेतली आहेस का, असं मला दादाला फोन करून विचारता आलं असतं. त्यानं उत्तरही दिलं असतं. मी फोन हातात घेतला, कुलूपवाल्याचा नंबर काढला आणि नवं कुलूप बसवायला आजच या, असं सांगितलं.